दारावरचा खडूचा चार

लातूरला थंडी येते ती उशिरा, आणि आली की चार दिवसांत लोक तिच्या नावानं ओरडायला लागतात. मला ती आवडते. कॉलेजला जाताना चहाच्या गाड्यांजवळ माणसं जरा जास्त वेळ रेंगाळलेली दिसतात, भाजीवाल्यांकडे हरभऱ्याचे डहाळे येतात, आणि शहराच्या बाहेर पडलं की निसवलेली ज्वारी रस्त्यापर्यंत झुकलेली असते. घरोघरच्या गच्च्यांवर रजया वाळत पडतात. माझीही पडते. तिच्यातला कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलाय, मधे नुसतं कापड उरलंय. शेजारच्या काकू दरवर्षी म्हणतात, अहो, एकदा पिंजून तरी घ्या. मी हो हो म्हणते आणि तशीच घडी घालून आत नेते.

पिंजारी दिसला की मला एक हिवाळा आठवतो, आणि तो आठवला की माझी मान आजही लाजेनं खाली जाते. उगाच सजवून सांगण्यात अर्थ नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं गावात येणं त्या हिवाळ्यात बंद झालं आणि त्याला कारण मी होते.

तेव्हा मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली नव्हती. नांदेडहून चालणाऱ्या एका संशोधनावर पाहणीचं काम करत होते. माणसं खोट्या बातम्यांवर का विश्वास ठेवतात, त्या पुढे का पाठवतात, आणि त्यांना पडताळणी शिकवली तर काही फरक पडतो का, असा विषय. प्रमुख एक सर होते, शांत, अभ्यासू, खोकला आला तरी माफी मागणारे. आम्हाला गावं वाटून दिलेली. कंधारकडच्या गावांत आधी पाहणी, मग लोकांना बसवून मेसेज कसा तपासायचा ते शिकवायचं, मग पुन्हा पाहणी. रेणापूरकडच्या गावांत शिकवायचं नाही. तिथं फक्त दोनदा विचारायचं, म्हणजे शिकवल्याचा फरक कळतो. औषधाची परीक्षा घेतात तसंच ते. नियम असा की दुसरी फेरी संपेपर्यंत रेणापूरकडच्या गावात कोणता मेसेज खरा आणि कोणता खोटा, याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. समोरचा काहीही म्हणाला तरी आपण म्हणायचं, बरं. आणि लिहायचं.

मी मूळची कंधारची. त्यामुळं शिकवायची तालीम मी घरीच केली, आईवर. दोन दुपारी तिला समोर बसवून सांगितलं, मेसेज कुठून आला ते बघायचं, तारीख बघायची, फोटो दुसरीकडचा आहे का ते बघायचं. तिनं सगळं मन लावून ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिनंच मला मेसेज पाठवला की अमुक कंपनीची साबणाची वडी वापरू नका, अंगावर चट्टे येतात. मी म्हटलं, अगं आई, काय शिकवलं मी तुला? ती शांतपणे म्हणाली, "हे बघ, खोटं असलं तर लोक सोडून देतील. खरं असलं तर कुणाच्या तरी कामी येईल. माझं काय जातंय?" या उत्तरावर मला आजही नीट उत्तर देता येत नाही, आणि मी हा विषय वर्गात शिकवते.

पाहणीच्या कामात एक साधी गोष्ट असते, जी बाहेरच्यांना माहीत नसते. कोणत्या घरात विचारायचं ते आधी ठरवावं लागतं. गल्लीच्या एका टोकापासून घरं मोजत जायचं आणि ठरावीक अंतरानं एक घर धरायचं. धरलेल्या घराच्या चौकटीवर खडूनं लहानसं वर्तुळ काढून आत क्रमांक लिहायचा, म्हणजे पुन्हा आल्यावर चूक होत नाही. आणि खूण केली की घरच्यांना सांगायचं, ही आमची खूण आहे, पाहणीची आहे. हे शेवटचं वाक्य आमच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

रेणापूरजवळच्या त्या गावात मी दिवाळीनंतर पोचले. नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. हरभऱ्याची खुरपणी चालू होती, त्यामुळं सकाळी नऊनंतर गल्लीत कोंबड्या आणि म्हातारी माणसं एवढीच उरत. निम्म्या दारांना कुलूप. मी कुलूप असलेल्या घरांच्या चौकटींवरही खुणा करत गेले. म्हटलं, उद्या सकाळी लवकर येऊ तेव्हा सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आले, तेव्हा बायकांची शेतावर जायची घाई, माझी फॉर्म भरायची घाई. प्रश्न विचारले, उत्तरं लिहिली. खुणेचं सांगायचं राहिलं. एका घरी राहिलं, मग दुसऱ्या घरीही राहिलं, मग मी ते विसरूनच गेले.

त्याच दिवसांत गावात करीमचाचा होते. रेणापूरचे पिंजारी. सायकलच्या मागे ते लांब धनुष्यासारखं पिंजण बांधून दर हिवाळ्यात या गावात यायचे, आठ-दहा दिवस राहायचे. राहायचे म्हणजे देवळासमोरच्या लिंबाखाली बसून एकेका घरच्या गाद्या-रजया पिंजायच्या. दोरीचा टंग टंग आवाज सगळ्या गल्लीला ऐकू यायचा आणि हवेत कापूस उडत राहायचा. जेवण ज्या घरची रजई त्या घरी. मशीनच्या काळात हे कसं टिकलं, मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मशीन कापूस तोडतंय म्याडम. मी सोडवून राहिलो." एवढंच बोलले आणि पुन्हा कामाला लागले.

महिन्यानं मी दुसऱ्या फेरीला गेले. पहिलंच घर सुलाबाईचं. तिचा नवरा लातूरला अडत दुकानात हमाली करायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. ती आणि तिची आंधळी सासू अशा दोघीच एरवी घरात. सुलाबाई बोलकी होती, पहिल्या फेरीत तिनं मला प्रश्नांपेक्षा जास्त उत्तरं दिली होती. या वेळी तिचा चेहरा उतरलेला. दाराच्या मागे एक लोखंडी गज टेकवून ठेवलेला. आमच्या फॉर्मात प्रश्न होता, या आठवड्यात आलेला तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मेसेज दाखवाल का? तिनं फोन पुढे केला.

फोटोत एक निळी चौकट होती. चौकटीवर खडूचं वर्तुळ आणि आत चारचा आकडा. खाली लिहिलेलं की रजई पिंजायच्या निमित्तानं टोळी फिरतेय, एकट्या बायकांच्या घरांवर खूण करून ठेवतात, मग टोळी येते, सावध राहा, सगळ्या गटांवर पाठवा.

"म्याडम, हे माझंच दार हाय," सुलाबाई म्हणाली.

दार तिचंच होतं. आणि चार माझा होता. मी चारचं पोट मोठं काढते, शाळेपासूनची खोड आहे. मग मी नियमाप्रमाणं म्हटलं, बरं.

"किती विश्वास वाटतो?" पुढचा प्रश्न होता.

"भावकीच्या गटावर आलंय. आपल्याच माणसानं पाठवल्यावर खोटं कसं असल?" ती म्हणाली. मी "पूर्ण विश्वास" या चौकोनात खूण केली. तुम्ही पुढे पाठवला का, या प्रश्नावर ती म्हणाली, "मग? लेक उमरीला दिलीय. तिच्या गल्लीत बी असले लोक आले तर? तिला कळवायला नको का?" मी तेही लिहिलं. माझ्या खडूची अफवा मीच, सुवाच्य अक्षरात, माझ्याच फॉर्मात भरली.

बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही आत्ता सांगितलंत तर या गावाची सगळी माहिती वाया जाईल. आणि गाव एकच नाही, हा सगळा गट वाया जाईल. दुसरी फेरी पूर्ण होऊ द्या. मग आपण नीट, सगळ्यांसमोर सांगू." सर वाईट माणूस नव्हते. त्यांची तीन वर्षं त्या कामात गेली होती. मी सगळा भार त्यांच्यावर टाकू शकते, काही वर्षं टाकलाही. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी घाबरले होते. लोक काय म्हणतील, गावातून हाकलतील, हे काम जाईल, असलं सगळं डोक्यात होतं. सरांनी गप्प राहायला सांगितलं आणि मी लगेच ऐकलं. इतर वेळी मी त्यांचं एवढं ऐकत नसे.

दुसरी फेरी अकरा दिवस चालली. ते दिवस फार सुंदर होते, हेही खरं आहे. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन. कुणी हातात भाजलेली कणसं चोळून हुरडा ठेवायचं, कुणी शेंगा. तुरीच्या रानातून जाताना अंगाला हिरवा वास लागायचा. मी घरोघर बसून विचारत होते, "हा मेसेज तुम्ही कुणाला पाठवला?" आणि लोक सांगत होते. बहिणीला. मावशीला. जावयाच्या गटावर. कुणाच्याही बोलण्यात दुष्टपणा नव्हता. ज्याच्या त्याच्या मनात कुणाची तरी काळजीच होती, आणि त्या काळजीच्या वाटेनंच मेसेज निघाला होता. आमच्या फॉर्मात काळजीला चौकोन नव्हता. मी समासात लिहून ठेवायची, पण समासातलं पुढे कुणी मोजत नाही.

सहाव्या की सातव्या दिवशी करीमचाचा आले. काही घरं राहिली होती त्यांची, म्हणून आले. सायकल वेशीतून आत घेतली आणि चार-पाच पुरुष त्यांना आडवे झाले. मी सुलाबाईच्या जावेच्या ओट्यावर फॉर्म भरत बसले होते, तिथून दहा पावलांवर. आवाज चढले नाहीत. तसं झालं असतं तर कदाचित मी उठलेही असते. एकजण म्हणाला, "चाचा, यंदा ऱ्हाऊ द्या. लोक भ्यालेत." दुसऱ्यानं फोन काढून फोटो दाखवला. विचारलं, "ह्या खुणा कुणी केल्या?"

चाचांनी चष्मा वर करून फोटो बघितला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी खाली फॉर्मात बघितलं.

"मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

एका पोरसवद्या माणसानं त्यांचाही फोटो काढला, सायकलीसकट. चाचांनी चष्मा खाली घेतला. सायकल वळवली. माझ्या समोरून जाताना थांबले आणि म्हणाले, "म्याडम, तुमचं बी काम अजून चालूच हाय का?" मी म्हटलं, हो चाचा, थोडं राहिलंय. ते म्हणाले, "चांगलं हाय. करा." आणि गेले.

शेवटचा फॉर्म भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी येळवस होती. आमच्याकडची ही अमावस्या बाहेरच्या लोकांना सांगून समजत नाही. त्या दिवशी गावं आणि शहरं रिकामी होतात आणि सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा करतात, आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली आंबील. बांधावरून कुणीही जात असो, ओळखीचा, बिनओळखीचा, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. सुलाबाईनं मलाही बोलावलं होतं. तिचा नवरा आला होता, भावकी जमली होती, शेजारच्या दोन शेतांतली माणसंही तिथंच बसली होती. सरांचा होकार आला होता. मी आंबिलीचा पेला हातात धरून उठले आणि सगळं सांगितलं. खूण माझी, आकडा माझा, सांगायचं मी विसरले, चाचांचा काही संबंध नाही.

मग सुलाबाईचा नवरा हसला. "म्हंजे चोर तुमीच की म्याडम." मग सगळेच हसले. कुणीतरी माझ्या ताटात आणखी भज्जी वाढली. सुलाबाई म्हणाली, "लई जीव घाबरला व्हता बगा माझा. सुटले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचा मागमूस नव्हता. मला एवढी सहज माफी मिळाली की मी त्यातच खूश झाले. मी म्हटलं, चाचांना निरोप द्याल ना? "देऊ की," ती म्हणाली. "न द्यायला काय झालं?" मी ते वहीत लिहिलं, हसतखेळत एसटी पकडली आणि लातूरला आले.

त्यानंतर संशोधन पूर्ण झालं, अहवाल निघाला. मला कॉलेजात नोकरी लागली. पण तो फोटो काही थांबला नाही. दोन वर्षांनी तो आमच्या कॉलेजच्या गटावर आला, गावाचं नाव बदललेलं, चौकट तीच, पोट मोठं असलेला चार तोच. मी लगेच खाली लिहिलं की हे खोटं आहे, ही खूण मी स्वतः केलेली आहे. दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, एकानं लिहिलं, "तरी सावध राहिलेलं बरं." माझा खुलासा त्या गटाच्या बाहेर गेला नाही. त्यात पुढे पाठवण्यासारखं कुणाला काय वाटणार? मुलीला कुणी फोन करून सांगत नाही की आपल्याकडं काहीही झालेलं नाही म्हणून. वर्गात मी हे सगळं सांगते, तेव्हा मुलं मान डोलावतात आणि लिहून घेतात. चाचांचं काय झालं, असं एका मुलीनं या वर्षी विचारलं. मी म्हटलं, लोकांचा गैरसमज दूर झाला. म्हटलं खरं, पण मला ते माहीत नव्हतं. मी कधी जाऊन बघितलंच नव्हतं. पडताळून बघा, पडताळून बघा असं मी वर्षभर मुलांच्या मागे लागते, आणि ही एक गोष्ट मी स्वतः सुलाबाईच्या "देऊ की" वर सोडून दिली होती.

गेल्या रविवारी मी रेणापूरला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. मुलानं पुढच्या खोलीत तयार गाद्यांचं दुकान काढलंय. चाचा मागच्या अंगणात उन्हात बसले होते. हात कापतात आता, पण मला त्यांनी लगेच ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितला. कुठं असता, मुलंबाळं किती, सगळं विचारलं. मी वाटेत सगळं बोलणं मनात जुळवून आले होते, ते चहा येईपर्यंत अर्धं विसरले.

"चाचा, त्या गावाला पुन्हा गेला होता का तुम्ही?"

"न्हाई बेटी. बोलावणं आलं न्हाई."

"सुलाबाईनं निरोप पाठवला नव्हता?"

"निरोप?" त्यांनी आठवून बघितलं. "न्हाई बा. राहिला असंल तिच्याकडून. रानातली माणसं, कामाच्या धबडग्यात ऱ्हातंच की."

मग मी सांगितलं. खुणा माझ्या होत्या, असं. एका दमात सांगितलं आणि माफी मागितली. चाचांनी बशीतला चहा संपवला. बशी कपाखाली ठेवली.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुमी सुलाबाईच्या दारावर काढली तवा मी समोर लिंबाखालीच होतो की. कुलूप होतं दाराला, सासूला बी घेऊन ती रानात गेली होती. तुमी खडू काढला, आकडा लिव्हला अन् ओढणीला हात पुसले."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. "मग त्या दिवशी वेशीत तुम्ही सांगितलं का नाही? त्यांनी तुम्हाला विचारलं होतं."

"काय सांगणार? मी म्हातारा माणूस, ओळखीचा. मला परत धाडलं, मी घरला आलो. पर तुमी एकट्या बाईमाणूस, परक्या गावात फिरून राहिल्या होत्या. तुमचं नाव घेतलं असतं अन् कुणी अंगावर हात टाकला असता, तर मी काय केलं असतं?"

सून रिकामे कप घ्यायला आली. ती जाईपर्यंत ते थांबले. मग कुणाची तक्रार करावी तसं नाही, तर एखादी साधी गोष्ट आठवून सांगावी तसं म्हणाले,

"अन् तुमी तिथंच बसल्या होत्या. मला वाटलं, तुमीच सांगाल."